बोक्याचे बारसे

आमच्या कलकत्त्याच्या घरात एक पिवळा बोका आहे. त्याचे नाव गरा. फणसाचा गरा, तोच. मुंबई-पुण्याकडचे पाहुणे आले की नाव ऐकून हसतात आणि मीही त्यांच्याबरोबर थोडा हसतो. हे नाव कसे पडले ते पाटावर बसून, जेवता जेवता सांगण्यासारखे नाही, म्हणून लिहून काढतो आहे.

नाव माझ्या थोरल्या बहिणीने ठेवले. तिला मी अक्का म्हणतो. आई गेली तेव्हा मी रांगत होतो आणि अक्का नुकतीच सासरी गेली होती. दोन-तीन वर्षांतच ती विधवा होऊन परत आली. वडील शाळामास्तर, घरात दुसरे बाईमाणूस नाही. तिने मला वाढवले, एवढेच एक वाक्य लिहून मी पुढे जातो, कारण त्याबद्दल मी जे काही लिहीन ते कमीच पडेल.

रत्नागिरीकडे आमच्या परसात कापा फणस होता. फणस उतरवला की वडील तो पडवीत आणून ठेवीत आणि अक्का हाताला खोबरेल लावून विळीवर बसे. अक्काच्या ताटात आवडीचे असे फार थोडे उरले होते. संध्याकाळचे जेवण नाही, महिन्यातले कितीतरी दिवस उपास. पण फणस उपासालाही चालतो. त्यामुळे त्या दिवसांत आम्ही दोघे माझा वाटा, तुझा वाटा म्हणत भांडून खात असू, आणि एवढ्यापुरती ती मला आई वाटत नसे, बहीण वाटे.

वडील वारले त्याच्या पुढच्या वर्षी माझी पुण्याहून कलकत्त्याला बदली झाली. मी लष्कराच्या हिशेबखात्यात आहे, बदल्या आम्हांला नव्या नाहीत. वाटेत गया लागते, तेव्हा उतरून वडिलांचे करून घ्यावे असे ठरले. बरोबर अक्का, बायको आणि मुलगी. पिंडदान झाले आणि शेवटी आम्ही अक्षयवटाखाली आलो. तिथे आवडीचे एक फळ जन्मभरासाठी सोडायचे असते. उपाध्याय मोडक्या मराठीत म्हणाले, "यजमान, आवडीचं फळ बोला. जे आवडते तेच."

मला फणस आठवला. दुसरे काही आठवण्याचा प्रश्नच नव्हता. आणि मी म्हणालो, "पपई."

पपईचा वाससुद्धा मला सहन होत नाही. हे बायकोला ठाऊक होते, अक्काला तर होतेच. उपाध्यायांनी संकल्पात पपई घातली. मग त्यांनी सहज मागे पाहिले आणि बायांपैकी कोणाला सोडायचे असेल तर सोडा, सक्ती नाही, असे म्हणाले. माझ्या पाठीमागून अक्काचा आवाज आला, "फणस."

मी वळून पाहिले नाही. मला तिथल्या तिथे सगळे कळले होते. अजून वेळ होता, तोंड उघडता आले असते. मी पाणी सोडले, उठलो आणि गाडीची वेळ होते आहे असे म्हणालो.

कलकत्त्यात आम्हांला सियालदहच्या मागच्या एका गल्लीत, तिमजली घराच्या मधल्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. माझी कचेरी बराकपूरला. सगळे लोक सकाळी लोकलने शहरात येतात तेव्हा मी उलटा बाहेर जातो, त्यामुळे बसायला जागा मिळते. त्या काळात स्टेशनावर पूर्व बंगालातून आलेली निर्वासित कुटुंबे ट्रंका आणि चटया आडव्या लावून राहत होती. त्यांच्या मधून वाट काढत रोज जाताना माणसाला स्वतःच्या घराविषयी कुरकुर करायला जागा राहत नसे.

आणि स्टेशनाच्या बाहेर बाजार. ज्येष्ठ लागला की तिथे फणसांच्या राशी पडतात. बंगाली माणूस फणसावर आमच्याइतकाच जीव टाकतो, हे मला तिथे कळले. पहिल्याच वर्षी मी फणस घेऊन घरी आलो. बायकोने दारातच विचारले, "हा कशाला?"

"मुलीला नको का?"

"मुलीला," ती म्हणाली, आणि आत गेली.

आणला नसता तर अक्काला वाटले असते की मी तिच्या सोडण्याची बूज ठेवतो आहे, आणि मग त्या सोडण्याविषयी कधीतरी बोलावे लागले असते. आणला की काही घडलेच नाही असे राहत होते. म्हणून मी आणत गेलो, दर ज्येष्ठात. अक्का हाताला खोबरेल लावून विळीवर बसे, चीक पुसून काढी, गरे वेगळे करी, आठळ्या धुऊन उन्हात घाली. एक गराही तिने कधी तोंडात घातला नाही. आठळ्यांची भाजीही तिने सोडली. बायको म्हणाली होती, "वन्सं, आठळी काय फळ आहे?" तर म्हणाली, "फणसाच्या पोटातलीच ना ती?" मी मान खाली घालून खात असे. फणसाला वास असतो. तो दोन खोल्यांत कुठे लपत नाही.

तर अशाच एका ज्येष्ठात, आम्हांला इथे येऊन तीन-चार वर्षे झाल्यावर, मी मोठा फणस घेतला आणि पाटीवाला हमाल करून घरी आणला. हमालाने पाटी उतरवली, गवतातून फणस बाहेर काढला आणि पाटी झटकली, तर गवताबरोबर एक मांजराचे पिल्लू जमिनीवर पडले. पिवळेधमक. पिकल्या गऱ्याचा तोच रंग. हमाल म्हणाला, "यह भी आपका, बाबू," आणि रिकामी पाटी डोक्यावर उपडी घालून चालू लागला.

माझी मुलगी तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती. ती गल्लीत बंगाली बोले आणि घरात मराठी, पण भांडण रंगात आले की दोन्ही एक करी. पिल्लू ठेवायचे हे तिने आम्हांला विचारलेच नाही. फक्त नावाचा प्रश्न काढला.

"वरच्यांच्या मांजरीचं नाव मुडी आहे. मग आपल्याचं पण खायचंच नाव पाहिजे."

"मुडी म्हणजे चुरमुरेच ना? मग ह्याला चुरमुरा म्हण," बायको म्हणाली.

"तो काय पांढरा आहे? संदेश म्हणू या, त्या पिवळ्या मिठाईसारखा."

"संदेशाला रोज कोण हाक मारणार? तोंडाला पाणी सुटेल."

मी म्हणालो, "बेसनलाडू."

"बाबा, एवढं म्हणेपर्यंत तो पळून जाईल."

साटोरी झाली, बुंदी झाली, केशरीभात झाला. फणस तिथेच भिंतीला टेकून उभा होता, खोलीभर त्याचा वास होता, पिल्लू त्याच्याच गवतातून आलेले होते आणि त्याच्याच रंगाचे होते. पण तो शब्द कोणी काढीना. मुलीनेही काढला नाही. आत्यासमोर फणसाचे कौतुक करायचे नाही हे तिला कोणी शिकवले नव्हते, तरी तिला माहीत होते. अक्का चौकटीला टेकून ऐकत होती.

मग बायको म्हणाली, "आपण भांडतो कशाला? बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा. वन्सं, तुम्ही ठेवा."

बायको हे सहज बोलली नव्हती. ते समजण्यासाठी मुलीच्या बारशाचे सांगायला हवे. ते पुण्याला झाले. आमच्याकडे बारशाला बाळाच्या कानात नाव आत्या सांगते आणि मला बहीण एकच. पण पाळण्याशी सवाष्ण हवी असे माझे चुलते म्हणाले. चार माणसांत वाद नको म्हणून मी गप्प राहिलो आणि एका चुलत बहिणीला पुढे बसवण्यात आले. अक्का त्या वेळी स्वयंपाकघरात घुगऱ्यांना फोडणी देत होती. पाळण्याचे गाणे सुरू झाल्यावर तिने झारा खाली ठेवला, दारापर्यंत आली आणि परत गेली. तिने मनात एखादे नाव धरले होते का, हे मी आजपर्यंत विचारलेले नाही.

अक्का आधी नको म्हणाली. "मांजराचं कसलं बारसं. मला काम आहे."

मुलीने तिचा पदर धरला. "आत्या, तूच. दुसऱ्या कोणाला येत नाही."

शेवटी बारसे झाले, आणि रीतसर झाले. खुर्चीच्या दोन पायांना जुने लुगडे बांधून झोळी केली. बायकोने खरोखरच घुगऱ्या शिजवल्या. वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाई आल्या. माझी मुलगी त्यांना दीदिमा, म्हणजे आजी, म्हणते. त्याही विधवा. दुपारी गच्चीवर अक्का आणि त्या शेजारी बसतात, एक मराठी बोलते, दुसरी बंगाली, आणि त्यांचे अडत नाही. त्या झोळीपाशी पुढे येईनात, दारातच उभ्या राहिल्या. अक्काने त्यांना हाताला धरून आत आणले.

अक्का झोळीपाशी बसली. पिल्लाच्या कानाशी तोंड नेऊन तिने कुर्रर्र केले. नाव सांगताना आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे असतात. ते बायकोने आणि मुलीने घातले, मुलीने जरा जोरातच. अक्का हसत होती. तिला असे हसताना पाहिल्याचे मला आठवत नव्हते. आणि मग ती वर होऊन म्हणाली, "गरा."

पाठीवरचे हात थांबले. मुलीने आईकडे पाहिले, आईने माझ्याकडे.

अक्का म्हणाली, "काय झालं? मी खायचं सोडलंय. हाक मारायचं नाही सोडलं."

मुलीने दीदिमांना बंगालीत समजावले, आणि त्या मान डोलवून म्हणाल्या, "बेश नाम." छान नाव आहे. घुगऱ्या वाटल्या गेल्या.

त्या दिवसापासून घरात एक नवा आवाज सुरू झाला. सकाळी मी दाढी करत असताना जिन्यावरून ऐकू येई, "गरा, ए गरा, कुठे उलथलास?" संध्याकाळी चहा घेताना, "गऱ्या, पायात येऊ नकोस." तो वरच्या मजल्यावर जाऊन माशांची डोकी खाऊन येई आणि खाली येऊन अक्काच्या मांडीवर मिशा पुसे. अक्का म्हणे, "वर जाऊन जेवतो आणि खाली येऊन सोवळं मोडतो," आणि उठून पुन्हा अंघोळ करी, पण त्याला हाकलत नसे. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी तिचे होते, तिने नाव दिलेले, तिच्या हाकेला येणारे.

आणि मला ते ऐकवेना.

प्रत्येक हाकेबरोबर मी अक्षयवटाखाली जाऊन उभा राहत होतो. ती मला टोचत नव्हती हे मला ठाऊक होते. तिच्या आवाजात इतका आनंद होता की टोचण्याला जागाच नव्हती. टोचले असते तर मी तोंड देऊ शकलो असतो. मी घरात चिडचिड करू लागलो. पावसाळा संपता संपता एका संध्याकाळी, जेवण झाल्यावर, मी म्हणालो, "त्या बोक्याचं नाव बदलायला हवं."

"का?" मुलीने विचारले.

मी अक्काकडे न पाहता बोललो. "गयेला सोडलेल्या वस्तूचं नाव दिवसभर तोंडात बरं नाही. शास्त्राला धरून नाही ते. मुलीला संदेश आवडतं, तेच राहू दे."

शास्त्र. पपई सोडून आलेल्या माणसाने हे तिला सांगितले. ह्यापेक्षा हलके वागणे माझ्या हातून झालेले नाही, आणि झाले असेल तर मला त्याची जाणीव नाही.

अक्का म्हणाली, "बरं," आणि ताटे उचलली.

ती वाद घालील अशी मी तयारी केली होती. तिने घातला नाही. दुसऱ्या दिवशीपासून ती बोक्याला हाकच मारीनाशी झाली. संदेश म्हणूनही नाही. मुलीने आठवडाभर संदेश, संदेश म्हणून जिना डोक्यावर घेतला. तो कान हलवी आणि तसाच बसून राही. हळूहळू तो वरच राहू लागला. दुपारी अक्का वाटीत दूध घालून दाराशी ठेवी आणि नुसती बसे.

"आत्या, तू हाक मार ना. तुझी ऐकतो तो."

"काय म्हणून मारू? त्याला नाव नाही गं आता."

हे मी खोलीतून ऐकले. रविवार होता. बायको माझ्यासमोर तांदूळ निवडत होती. तिने सुपातून मान वर केली नाही. म्हणाली, "तुम्ही जाऊन पाहा. पपई म्हणून हाक मारलीत तर येईल कदाचित."

इतक्या वर्षांत ती त्याविषयी पहिल्यांदा बोलली. मी उठलो नाही. पण तिचे ते बोलणे मनात शिरून बसले ते गेले नाही. हिवाळा गेला. पुन्हा ज्येष्ठ आला, आणि मी बाजारातून सरळ घरी आलो, रिकाम्या हाताने. एकदा, दोनदा. अक्काने विचारले, "यंदा फणस महाग आहे का?"

"नाही."

"मग?"

पुढच्या रविवारी मी फणस आणला. ती विळीवर बसली आणि मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. खोबरेलाची वाटी पुढे ओढून हाताला तेल लावले. असे मी लहानपणी करत असे. तिने मला एक भाग दिला आणि आम्ही गरे काढू लागलो.

मी म्हणालो, "अक्का, त्या दिवशी गयेला मी पपई म्हणालो."

"ऐकलं की मी. कान होते मला."

"मला पपई आवडत नाही."

"मला सांगतोस? लहानपणी बाबांची पाठ वळली की गडग्यापलीकडे फेकायचास. कावळे खायचे."

"मग तू का सोडलास फणस?"

तिने विळीवरून हात काढला. "बाबांना काय पपई द्यायची? मास्तरांनी जन्मभर पोरांना खरं बोला म्हणून शिकवलं. आपल्या घरातून काहीतरी खरं जायला नको?"

मी आणखी एक गरा सोडवला आणि म्हणालो, "परत गयेला जाऊ. कोणा जाणत्याला विचारू. तुझा फणस सोडवून घेऊ आणि मी सोडतो."

"दिलेलं परत मागायला जाणार? बाबांकडे?"

"मग मीही सोडतो. आजपासून."

"आणि हा एवढा कोण खाणार?" ती चिडली. "सोडून तुला बरं वाटेल. मला काय त्याचं? तू आणतोस म्हणून कापायला तरी मिळतो. दोन दिवस हाताला वास राहतो. तो काही मी सोडलेला नाही."

ह्याने माझे ओझे कमी व्हावे असे तिच्या मनात असेल. ते झाले नाही. वर्षानुवर्षे ती त्या वासावर भागवत होती आणि मी मान खाली घालून जेवत होतो, एवढेच त्यातून मला अधिक कळले.

"मग मी काय करू, सांग."

तिने वर पाहिले, छताकडे. वरच्या मजल्यावर जेवणाची भांडी वाजत होती. "त्याला हाक मार," ती म्हणाली. "मी ठेवलेलं तूच काढून घेतलंस ना? मग तूच दे. मी नाही आता मारणार. इतके महिने गप्प बसले, आज कोणत्या तोंडाने मारू?"

मी तसाच तेलकट हातांनी जिन्यावर आलो. हा शब्द मी त्या बोक्याला उद्देशून एकदाही उच्चारला नव्हता. पहिल्यांदा नुसतेच "ए, ये इकडे" म्हणालो. दुसऱ्यांदा तो शब्द निघाला, पण कचेरीत शिपायाला बोलवावे तसा. वर कठड्याशी दीदिमा येऊन उभ्या राहिल्या आणि खाली पाहू लागल्या. खालच्या मजल्यावरचे दार उघडले. मी डोळे मिटले आणि अक्का मारते तशी हाक मारली, लांबवून, "गरा, ए गरा."

तो आला. आता चांगला मोठा झाला होता. मिशांना मासळी लागलेली. एकेक पायरी सावकाश उतरत तो माझ्या पायांपाशी पोचला, मला हुंगलेही नाही, बगल देऊन आत गेला आणि अक्काच्या समोर बसून तिच्या फणसाने माखलेल्या हाताचा वास घेऊ लागला.

"बाटवलंस," अक्का त्याला म्हणाली. "आता परत अंघोळ." पण हात तिने मागे घेतला नाही. मग मला म्हणाली, "उभा काय राहतोस? पाट मांड."

त्या दिवशी तिने माझ्या ताटात गरे वाढले आणि समोर बसली. बोका तिच्या मांडीला टेकून होता. मी मान वर ठेवून, तिच्याकडे पाहत गरा खाल्ला. गोड होता, हे तिने विचारल्यावर मी तिला सांगितले.